बाजारकाकांचं नाक

त्या घरात बाजार पिशवीने येत नसे, गोणीने येई. बटाट्यांची गोणी, कांद्यांची गोणी, टोमॅटोचा क्रेट, पोतंभर कोबी आणि वर मोसमात जे असेल ते फळ टोपलीभर. खाणारी तोंडंच तेवढी होती. दादा, वहिनी, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, सुनांची पोरं आणि काका.

काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नव्हतं. ज्या कारखान्याचं कोठार ते सांभाळत तो बंद पडला, तेव्हा दुसरीकडे कुणी घेईल त्या वयाच्या ते जरासे पुढे निघून आले होते. काही दिवस घरात नुसते बसून काढले. बसलेल्या माणसाला पाण्याचा पेला मागतानाही आवाज खाली आणावा लागतो, हे त्यांना तेव्हा कळलं. मग एका सकाळी त्यांनी वहिनींच्या हातातून पिशव्या घेतल्या आणि म्हणाले, "आणतो मी." त्यानंतर ते आणतच राहिले. घर त्यांना बाजारकाका म्हणू लागलं. धाकट्या सुनेची चिमणी खरं तर त्यांची नात, पण सगळे म्हणतात म्हणून तीही काकाच म्हणे.

घाऊक बाजारात वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. खाली काय आहे ते गोणी घरी आल्यावर कळतं. काकांना ते आधी कळायचं. गोणीच्या शिवलेल्या तोंडातून ते दोन बोटं आत घालत, जरा चाळवत, बाहेर काढून नाकाशी नेत आणि डोळे मिटत. एवढंच. मग मान हलली तर गोणी हातगाडीवर, नाहीतर पुढचं दुकान. तळाशी एखादाच बटाटा सडलेला असला तरी त्यांना तो ऐकू आल्यासारखा कळे. बटाटेवाला त्यांना लांबून पाहिलं की शेजाऱ्याला म्हणायचा, "झाका रे, नाक आलं." ते हसण्यावारी असलं तरी एखाददुसरी गोणी खरंच मागे सरकवली जाई. हळूहळू बाजाराला येणाऱ्या बायका त्यांच्या आसपास रेंगाळू लागल्या. काकांनी मान हलवली की त्याच ढिगातलं त्याही घेत. काकांना हे माहीत होतं. ते मुद्दाम जरा हळू मान हलवत.

घरी आल्यावर दुसरा खेळ. चिमणी त्यांचे डोळे आपल्या दोन्ही हातांनी झाकी आणि भावंडांपैकी कुणीतरी नाकाशी काहीतरी धरी. गाजर. काकडी. कालचं सफरचंद. "हे कालचं आहे," असं काका म्हणाले की पोरं किंचाळत. स्वयंपाकघरातून वहिनी ओरडत, "अहो भाऊजी, ती फळं खायची आहेत, हुंगून संपवू नका!"

थंडीत काकांना ताप आला. बरेच दिवस अंगात राहिला आणि गेला. जाताना त्यांचं नाक घेऊन गेला.

आधी त्यांना वाटलं, सर्दी आहे. सर्दी ओसरली. मग वाटलं, अशक्तपणा आहे. अंगात ताकद आली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, तरी चहाच्या कपातून फक्त ऊन वाफ वर येत राहिली. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला. डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही नाही. डॉक्टर म्हणाले, "वास येईल हळूहळू. काहींना लगेच येतो, काहींना वेळ लागतो." काका घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे." त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तर काय सांगायचं? डोळे गेले असते तर घर हळहळलं असतं. वास येत नाही म्हटलं तर म्हणतील, बरंय की, सुटलात. आणि मग दुसऱ्या वाक्याला म्हणतील, मग बाजाराचं कसं करायचं? त्या दुसऱ्या वाक्यापुढे काका कधी विचार नेत नसत. तिथून पुढे पुन्हा तो पाण्याचा पेला होता.

म्हणून त्यांनी एक युक्ती केली. बाजारात एक खानावळवाल्या बाई येत. धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या, कमरेला पदर खोचलेला. त्यांना फसवायची कुणाची छाती नव्हती. काका त्यांच्या मागे मागे राहू लागले. बाईंनी ज्या क्रेटवर थाप मारली, त्याच्या शेजारच्या क्रेटशी जायचं, बोटं घालायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. बायका तशाच मागे थांबत. काका मान हलवत आणि त्या पिशव्या उघडत. काका त्यांच्याकडे न बघता पुढे सरकत. पण थांबायचं कसं, ते त्यांना सुचत नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नाही. खानावळवाल्या बाई जे घेत ते त्याच दिवशी चुलीवर जायचं. त्यांना पिकलेलं, वाकलेलं, उतरलेलंच हवं असे. स्वस्त पडे आणि लवकर शिजे. काकांच्या घरी तेच आठवडाभर टिकायला हवं होतं.

"काका, यावेळचे टोमॅटो दोन दिवसांत पाणी झाले हो," थोरली सून म्हणाली.

"हवा तशी आहे," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात संत्र्यांना बुरशी आली. "हवा," काका म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात कोबीचा गाभा काळा निघाला. धाकटी सून हळूच जावेला म्हणाली, "हवेला अलीकडे आपल्याच घराचा पत्ता बरा सापडतो." काकांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही.

चिमणीच्या खेळातही ते हरू लागले. एकदा तिने नाकाशी काहीतरी धरलं आणि काका पुष्कळ वेळ हुंगत राहिले. शेवटी म्हणाले, "संत्रं."

"साबण होता!" चिमणी टाळ्या पिटत म्हणाली. "काका हरले!"

"मुद्दाम हरतात गं ते," वहिनी म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी काकांकडे जरा बघितलं.

मग ती बटाट्यांची गोणी आली. रांगेच्या अगदी टोकाला, भिंतीच्या ओलीला लागून गोण्या रचल्या होत्या. खानावळवाल्या बाईंनी त्यातल्या दोन उचलल्या, बटाटेवाल्याला चार शब्द सुनावले आणि गेल्या. काका तिसरीशी उभे राहिले.

बटाटेवाल्याने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "काका, ही? घरासाठीच नेताय ना?"

आता मागे सरायला हवं होतं. माणूस चांगला होता, त्याने दार उघडून दिलं होतं. पण मागे बायका उभ्या होत्या. काकांनी बोटं आत घातली. आत गार, किंचित ओलसर लागलं. बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले. काळोख, आणि त्या काळोखात काही नाही.

"चांगली आहे," ते म्हणाले.

"तुमच्या नाकापुढे आम्ही काय बोलणार," बटाटेवाला म्हणाला आणि त्याने गोणी उचलून दिली.

काकांची खोली जिन्याखाली होती. म्हणजे ती आधी सामानाची खोली होती आणि काका नंतर तिच्यात आले. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला गोण्या. ही गोणी जागा नव्हती म्हणून खाटेखाली सरकवली गेली.

दोन दिवसांनी सकाळी थोरली सून जिन्यावरून उतरता उतरता थबकली. "काहीतरी मेलंय," ती म्हणाली.

घर शोधाला लागलं. कपाटं ओढली, माळा झाडला, कचऱ्याचा डबा धुतला, पोरांची दप्तरं उलटी केली. एका दप्तरात कधीचं केळं निघालं, त्याच्या मालकाला ओरडा बसला, पण वास हलला नाही. उलट दुपारपर्यंत वाढला. धाकटा पुतण्या घरी येताच दारातच म्हणाला, "उंदीर आहे. भिंतीत मेलाय." थोरला म्हणाला, "गटार तुंबलंय." सुना तोंडाला ओढणी बांधून कामं करू लागल्या. काका सगळ्यांबरोबर वाकून वाकून बघत होते आणि "हो ना, भयंकर" म्हणत होते.

शेवटी दादा खुर्चीतून म्हणाले, "अरे, आपण सगळे वेड्यासारखे काय शोधतोय? घरात एवढं नाक आहे. छोट्या, ऊठ. बघ रे जरा."

साठीला टेकलेल्या भावाला दादा अजून छोट्याच म्हणत.

काका उठले. सगळं घर त्यांच्या मागे. चिमणी सगळ्यांत पुढे, त्यांचं बोट धरून. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराशी श्वास घेतला. गार हवा आत गेली, बाहेर आली. मोरीशी घेतला. जिन्याशी घेतला. मग त्यांना सुचलं की आपण हवेकडे नाही, माणसांकडे बघावं. जिथे तोंडं वाकडी होतील तिथे वास. त्यांनी वळून पाहिलं. पण सगळ्यांची नाकं झाकलेली होती, आणि वर जे डोळे दिसत होते ते नुसते त्यांच्यावर लागले होते. सगळे वाट बघत होते.

"न्हाणीघर," काका म्हणाले. "तिथली मोरी."

"बघ! मी म्हणत होतो, गटार," थोरला पुतण्या म्हणाला.

प्लंबर आला. त्याने मोरीवरची जाळी काढली, आत तार घातली, केसांचा एक गुंता बाहेर काढला, त्याकडे पाहिलं आणि उभा राहिला. "इथं काही नाही. पाणी चांगलं जातंय."

"मग वास?" थोरली सून म्हणाली.

"वास तर आतून येतोय बाई." प्लंबर ओले हात तसेच लांब धरून न्हाणीघरातून निघाला. तो कुठेच थांबला नाही. जिन्याला वळसा घालून थेट काकांच्या खोलीत गेला, खाली वाकला आणि खाटेखालून गोणी ओढली. गोणीमागून फरशीवर तपकिरी पाण्याचा ओघळ ओढला गेला. काकांच्या चपला त्या पाण्यात उभ्या होत्या. खाटेवरून लोंबलेली चादर खालच्या टोकाला तपकिरी झाली होती.

"ह्याच्यावर कोण झोपतं?" प्लंबर म्हणाला.

सुरुवातीला सगळे गोणीकडे बघत होते. मग एकेक करून काकांकडे बघू लागले.

चिमणीने बोट सोडलं नव्हतं. तिने वर पाहिलं. "काका, तुम्हाला नाही आला?"

"उभे काय राहिलात?" वहिनी एकदम म्हणाल्या. "गोणी बाहेर घ्या आधी. आणि पाण्याची बादली आणा कुणीतरी."

मागच्या अंगणात वहिनी आणि काका गोणी निवडायला बसले. चांगले बटाटे एकीकडे, गेलेले दुसरीकडे. वहिनींनी नाकावरून पदर घट्ट बांधला होता. काकांच्या नाकावर काही नव्हतं, आणि आता ते लपवायचं कारणही नव्हतं. हातात बटाटा फुटला, बोटांवरून ओघळला, तरी त्यांना तो नुसता ओला लागत होता.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"थंडीत ताप आला होता ना."

"म्हणजे परवा दूध करपलं, तुम्ही ओट्याशीच पेपर वाचत बसला होतात, तेव्हा..."

"तेव्हाही."

"आणि मी मनात म्हटलं, उठवत नाही वाटतं भाऊजींना." वहिनींनी एक बटाटा उलटसुलट केला आणि गेलेल्यांत टाकला. "सांगायचं होतंत."

"काय सांगणार वहिनी?"

वहिनींनी आणखी दोन बटाटे निवडले. मग म्हणाल्या, "तो घेतलात तो सडलेला आहे. इकडे द्या."

संध्याकाळी दादांनी त्यांना जवळ बसवून घेतलं. दादा रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. दादा रागावले नाहीत. "किती वर्षं केलंस तू हे," ते म्हणाले. "आता दगदग नको. फोनवर मागवलं की दारात आणून देतात. सुना बघतील. तू आराम कर." थोरल्या पुतण्याने त्यांची खाट उचलून वरच्या उजेडाच्या खोलीत नेली. थोरल्या सुनेने नवी चादर घातली. धाकटीने चहा खोलीत आणून दिला. काका म्हणाले, "मी आलो असतो की खाली." ती म्हणाली, "असू दे हो काका." त्यांच्या सगळ्या आयुष्यात घर त्यांच्याशी इतकं हळू आवाजात बोललं नव्हतं.

भाजी दारात येऊ लागली. पुसलेली, निवडलेली, जाळीच्या लहान लहान थैल्यांतून. चांगली होती. तीच गोष्ट काकांना सोसेना. एखादा टोमॅटो नासका निघावा म्हणून ते थैल्या उघडताना शेजारी उभे राहत. टोमॅटो चांगलेच निघत. "मी सोलून देऊ का काही?" ते विचारत. "कशाला काका, बसा तुम्ही." ते बसत. बसणं कठीण काम होतं आणि ते करायला त्यांना सगळे मदत करत होते.

असे काही आठवडे गेले. एका बाजाराच्या दिवशी ते नेहमीसारखे उठले, आवरलं, आणि मग कुठेच जायचं नाही हे आठवून जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. वहिनी बाहेर आल्या. पायात चपला, हातात त्या जुन्या पिशव्या.

"चला."

"कुठे?"

"बाजारात. मला खरबूज घ्यायचंय."

"फोनवर मिळतात की."

"मिळू देत. तुमचं हे पायरीवरचं तोंड मला रोज ओलांडून जावं लागतं, ते आधी उचला."

वहिनी पूर्वी कोपऱ्यावरूनच भाजी आणत; या घाऊक बाजारात त्या पहिल्यांदाच येत होत्या. हातगाड्या चुकवताना त्या दर वेळी काकांच्या बाहीला धरत आणि सोडत. खरबुजांचा ढीग बघून त्या पुढे झाल्या आणि सगळ्यांत मोठं उचललं.

"मोठं नको. जड बघा," काका म्हणाले. "हे. आता उलटं करा. देठाकडून नाही, दुसऱ्या बाजूने. तिथे नाक लावा."

वहिनींनी नाक लावलं. "येतोय वास."

"कसा?"

"खरबुजासारखा."

"तसा नाही वहिनी. लगेच येतोय, की जरा थांबून?"

वहिनींनी पुन्हा हुंगलं. डोळे बारीक केले. "काय माहीत. लगेच म्हणजे?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं. चांगल्या खरबुजाचा वास एकदम अंगावर येत नाही, तो... शेजारच्या खोलीत कुणीतरी... ते तिथेच अडखळले. कसा असतो तो? वर्षानुवर्षं घेतलेला वास. नाक गेलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, निदान आठवण आपल्याकडे आहे. ते आत शोधू लागले. ढीग दिसला, जाळीदार साल दिसली, बाजारातला गलका ऐकू आला. वासाच्या जागी काही नव्हतं.

"भाऊजी?"

"घ्या. चांगलं असेल," ते म्हणाले.

"काय काका, पुष्कळ दिवसांनी!" फळवाला हसत म्हणाला. "आज वहिनींना शिकवताय?"

"मला वास येत नाही आता," काका म्हणाले. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले. "कशाचाच येत नाही. आजारात गेला."

फळवाला मोठ्याने हसला. "ऐका रे! काका भाव पाडायला आता आजार सांगायला लागले! घ्या, तुम्हाला नेहमीच्याच भावाने देतो, नाटकं नकोत."

शेजारी एक बाई उभी होती. तिने दोन्ही हातांनी एक खरबूज काकांपुढे धरलं. "एवढं बघून देता? सासूबाई आजारी आहेत, त्यांना तेवढंच जातं."

सवयीने काकांनी ते घेतलं आणि सवयीने नाकाशी नेलं. ती बाई बघत होती. वहिनी बघत होत्या. काकांनी श्वास आत घेतला, जितका घेता येईल तितका, छाती दुखेपर्यंत. मग खरबूज परत तिच्या हातात दिलं.

"मला नाही सांगता येत हो. खरंच."

बाईचा चेहरा पडला. "नसेल सांगायचं तर राहू दे," ती म्हणाली आणि वहिनींच्या पिशवीत एकदा वाकून पाहून त्याच ढिगातलं दुसरं उचलून निघून गेली.

घरी वहिनींनी खरबूज कापलं. सगळे टेबलाभोवती बसले. काकांनी फोड खाल्ली. गार होती, ओली होती, दाताखाली नरम होती. याहून जास्त काही त्यांना आता कळत नसे, म्हणून ते चेहरे बघू लागले. दादा. थोरला. सुना. पण त्या गोणीच्या दिवसापासून त्यांच्यापुढे सगळे चेहरे सारखेच झाले होते. मऊ, सांभाळलेले.

"छान आहे," दादा म्हणाले.

"हो, मस्तच," थोरली सून म्हणाली.

वहिनी सुरी पुसत होत्या.

"शी, पाणचट आहे," चिमणी म्हणाली. लगेच टेबलाखाली तिच्या आईचा हात हलला आणि चिमणी "काय गं?" म्हणून आईकडे बघत गप्प झाली.

काकांनी हात लांब करून तिच्या ताटलीतली फोड उचलली आणि आपल्या ताटलीत घेतली. मग धाकटीची उरलेली घेतली, मग थोरलीची. कुणी नको म्हटलं नाही. ते सावकाश खात राहिले. त्यांना सगळ्याच चालण्यासारख्या होत्या.